१९५० च्या दशकातला व्हॉल्व्ह रेडिओ: आज घेऊन वापरण्याजोगा आहे का?

जुन्या वस्तूंच्या बाजारात व्हॉल्व्हचे, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या, दिव्यासारख्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचे रेडिओ आजही मिळतात आणि बरेच जण ते दिवाणखान्यात मांडून ठेवण्यासाठी नेतात. माझे मत असे आहे की हा संच ऐकण्यासाठी घ्यावा, नुसता मांडून ठेवायचा असेल तर घेऊ नये. त्या दशकातले घरातले मनोरंजन या यंत्राच्या घडणीशी इतके जखडलेले होते की पेटी बंद ठेवली तर त्यातले काहीच कळत नाही. मी घेतलेला संच दशकाच्या उत्तरार्धातला आहे. त्यात पाच व्हॉल्व्ह, शिवाय स्टेशन जुळल्याचे दाखवणारा हिरवा ‘मॅजिक आय’, आणि एक मीडियम वेव्ह व दोन शॉर्ट वेव्ह असे तीन बँड आहेत. दुरुस्ती धरून तो मला साडेचौदा हजार रुपयांना पडला.

बाह्यरूपाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पॉलिश केलेली लाकडी पेटी, पुढे जाळीदार कापड, खाली हस्तिदंती रंगाची बटणे आणि काचेच्या डायलवर छापलेली दिल्ली, मुंबई, सिलोन, लंडन अशी नावे, हे रूप मर्फी, बुश, फिलिप्स यांच्या त्या काळच्या जाहिराती पाहिलेल्या कोणालाही परिचित असेल.

खरी ओळख पटते ती संच सुरू केल्यावर. बटण पिळल्यावर लगेच काहीही ऐकू येत नाही. व्हॉल्व्हची तार तापून लाल व्हायला सुमारे अर्धा मिनिट लागते, मग आधी बारीक गुणगुण येते आणि त्यानंतर आवाज हळूहळू वर चढतो. सुई फिरवू लागले की मॅजिक आयमधली दोन हिरवी पाती एकमेकांकडे सरकू लागतात. स्टेशन नेमके लागले की त्यांच्यामधली काळी फट जवळजवळ मिटते आणि सुई केसभर पुढे गेली की पुन्हा उघडते. शॉर्ट वेव्हवर तर स्टेशन लागल्यावरही काम संपत नाही. वातावरणाच्या उंचावरच्या विद्युतभारित थरावरून, म्हणजे आयनमंडलावरून, परावर्तित होऊन येणाऱ्या त्या लहरी सतत चढत-उतरत असतात, म्हणून श्रोत्याला बटणाजवळच बसावे लागते. आजच्या उपकरणांच्या मानाने ही गैरसोयच आहे, हे मान्य केले पाहिजे. मला मात्र ती या खरेदीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण त्या पिढीने गाणी ऐकली ती अशी, बटणाशी बसून.

१९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते आधी कमी झाली, मग जवळजवळ दिसेनाशी झाली. शास्त्रीय संगीताला त्या काळात मिळालेले स्थान मोलाचे होते, यात शंका नाही. पण चित्रपटगीतांचा श्रोता समुद्रापलीकडे गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या केंद्रावर, अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ देशभर ठरून गेली. सिलोन इथे येई ते शॉर्ट वेव्हवर. त्यामुळे रेडिओ विकत घेताना शॉर्ट वेव्ह किती स्वच्छ लागते हा प्रश्न चैनीचा उरला नव्हता, आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली तांब्याची जाळीदार एरियल ही रेडिओ असलेल्या घराची खूणच झाली होती. आकाशवाणीने या ओढीला उत्तर दिले ते ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विविध भारती सुरू करून. हा इतिहास मी वाचलेला होता, पण शॉर्ट वेव्हची सुई हातात धरल्यावर एका गाण्यासाठी तेव्हाचे श्रोते किती सायास करत असतील याचा अंदाज आला. भरीला परवाना होताच. रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कार्यालयात दरवर्षी शुल्क भरावे लागे आणि ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत चालू राहिली.

आवाजाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. या संचातून फार खोल खर्ज येत नाही आणि फार तार स्वरांतली चमकही येत नाही. मधल्या पट्टीतला मानवी आवाज मात्र इतका भरदार आणि जवळचा येतो की बातम्या वाचणाऱ्याचा श्वासदेखील जाणवतो. मोठा कागदी स्पीकर, लाकडी पेटी आणि व्हॉल्व्हचे मऊ प्रवर्धन या तिन्हींचा तो परिणाम आहे. मागच्या बाजूला ग्रामोफोनचा पिकअप (तबकडीवरच्या सुईचा भाग) जोडण्यासाठी दोन छिद्रे असतात. तंत्रज्ञाकडून योग्य तार करून घेतली तर तिथे मोबाईलही जोडता येतो. मी प्रथम ‘गीतरामायण’ लावले. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ही मालिका पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू झाली आणि वर्षाहून थोड्या अधिक काळात, आठवड्याला एक याप्रमाणे, तिची ५६ गीते प्रसारित झाली. तेव्हा ऐकणाऱ्याला पुढच्या गीतासाठी आठवडाभर थांबण्याखेरीज मार्ग नव्हता. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत, अशा आठवणी जुनी माणसे सांगतात. मी ऐकले ते अर्थातच नंतरचे ध्वनिमुद्रण होते, पण शब्दप्रधान गायकी या स्पीकरवर जशी उमटते तशी मला महागड्या हेडफोनवरही ऐकू आली नाही. प्रत्येक व्यंजन सुटे आणि स्पष्ट कळते.

आता उणी बाजू. या संचात एफएम नाही, आणि विविध भारती आज प्रामुख्याने एफएमवरच ऐकली जाते. मीडियम वेव्हवर आकाशवाणीची काही केंद्रे लागतात, रात्री दूरचीही लागतात. शॉर्ट वेव्हवर मात्र पूर्वीच्या मानाने फारच थोडे उरले आहे. त्यातच एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांची खरखर मीडियम वेव्हवर सरळ येते. घरातले दिवे मालवून पाहिले तर फरक लगेच कळतो. दिवसभर पार्श्वभूमीला काहीतरी वाजत राहावे, एवढीच अपेक्षा असलेल्या माणसाने हा खर्च करू नये.

विकत घेण्यापूर्वीची सर्वांत महत्त्वाची बाब सुरक्षिततेची आहे. विक्रेत्याने हा संच मला ‘हात न लावलेला, अस्सल’ म्हणून दाखवला आणि लगेच प्लगमध्ये खुपसायला निघाला. मी त्याला थांबवले. आतले कागदी कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, साठ-पासष्ट वर्षांत गळके होतात, म्हणजे त्यांतून वीज झिरपू लागते. स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा (त्याच्या नियंत्रक जाळीवरचा) एक कपॅसिटर गळका असला तरी तो व्हॉल्व्ह भलताच तापतो आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. ज्या तंत्रज्ञाकडे मी संच नेला, त्यांनी आधी सगळे कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले, मुख्य तार नवी घातली, फ्यूज बसवला आणि मगच सिरीज लॅम्प लावून, म्हणजे विजेच्या वाटेत एक दिवा जोडून, वीज दिली. दिवा क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे आत शॉर्ट नव्हता, तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली. अस्सलपणाच्या नावाखाली हे काम टाळणाऱ्या विक्रेत्याकडून संच घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. त्या काळी कोलकात्यासारख्या शहरांच्या काही भागांत आजच्या एसीऐवजी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज होती, म्हणून एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारे, मुख्य ट्रान्सफॉर्मर नसलेले संचही विकले जात. अशा संचाचा धातूचा सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असू शकतो आणि मागचा पुठ्ठा निघालेला असेल तर त्याला हात लावणे जिवावर बेतू शकते. अशा संचाला मोबाईल कधीही जोडू नये, आणि घरात लहान मुले असतील तर तो संचच आणू नये. माझा संच ट्रान्सफॉर्मरचा आहे, हे तपासूनच मी पैसे दिले.

व्हॉल्व्ह अजून मिळतात आणि जपून वापरले तर वर्षानुवर्षे चालतात. मॅजिक आय मात्र लवकर मंदावतो आणि त्याचा बदली नग शोधणे कठीण असते. म्हणून दुकानातल्या उजेडात त्याच्या हिरव्या रंगाचा अंदाज बांधू नये. खोली अंधारी करायला सांगावी, एखादे ठळक स्टेशन लावून पाती पुरेशी उजळ दिसतात का ते पाहावे, आणि नसतील तर तेवढी किंमत कमी करून मागावी.