मान-खांदा आखडलाय: शॉकवेव्ह की ड्राय नीडलिंग?

वहिनी विचारत होती, "मशीन लावू की सुया टोचून घेऊ?" लॅपटॉपपुढे बसून बसून तिच्या खांद्याच्या स्नायूत हरभऱ्याएवढी गाठ झालीय.

शॉकवेव्ह म्हणजे मशीनने दुखऱ्या जागी दाबलहरींचे ठोके; मुतखडा फोडायच्या तंत्राचंच धाकटं भावंड. मशीन महाग, म्हणून बैठकही सहसा महाग. आठवड्याला एक, अशा ३ ते ५ बैठका. दर वेळी ५-१० मिनिटं टकटकटक. दुखतं, पण सुई नाही.

ड्राय नीडलिंगमध्ये औषध नसलेली बारीक सुई गाठीत शिरली की स्नायू टचकन उडतो, मग एक-दोन दिवस ठणका. खांद्याखालीच फुप्फुसाचं टोक असतं, त्यामुळे हात सरावलेलाच हवा.

गुण साधारण सारखाच, आणि व्यायाम कशातच सुटत नाही. सुईची धास्ती असेल तर शॉकवेव्ह. खिसा बघायचा तर नीडलिंग. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टर.