कडेवरचं नाव की दरबारची चांदी? नागपुरातून पदकसंग्रह सुरू करणाऱ्यांसाठी

जुन्या पदकांचा नाद लागला की लवकरच दोन वाटा समोर येतात. एका वाटेवर लढाईत भाग घेतलेल्या शिपायाला सरकारने दिलेली मोहीम-पदकं आहेत. त्यांच्या कडेवर त्या माणसाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दुसरीवर राज्याभिषेक, दरबार, ज्युबिली अशा प्रसंगांची स्मृतिपदकं आहेत, आणि ती बहुतेक बिननावाची असतात. इतवारीच्या सराफ्यात दोन्ही एकाच डब्यातून बाहेर येतात आणि एकाच काट्यावर तोलली जातात. म्हणून नवखा माणूस दोघांचं मोल एकाच मापाने ठरवतो, आणि तिथेच फसतो. मोहीम-पदकाची किंमत कडेवर असते, तर स्मृतिपदकाची त्याच्या दोन्ही बाजूंच्या अवस्थेत.

चांदीचा हिशेब आधी उरकून घ्या

पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल उदाहरणाला बरं, कारण तेच सर्वांत जास्त दिसतं. व्यास ३६ मिमी, स्टर्लिंग चांदी म्हणजे ९२.५ टंच, आणि रिबन ओवायच्या दांडीसकट वजन साधारण ३१ ते ३२ ग्रॅम. त्यात शुद्ध चांदी २९ ग्रॅमच्या आसपास भरते. त्या दिवसाच्या भावाने गुणलं की तळाची किंमत मिळते. याहून कमी कुणी मागत असेल तर धातूवर शंका घ्या.

सराफाला पदक कसोटीवर घासू देऊ नका. घासायला त्याला कडच सोयीची पडते आणि नेमकं तिथेच नाव असतं. हॉलमार्किंग केंद्रातल्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या) यंत्रावर ओरखडा न पडता टंच कळतो. घरी करायचं तर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा पुरतो. रिबन काढा आणि पदक कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. पदक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. ३१.५ ग्रॅमच्या पदकाला पाण्यात ३.०६ आलं तर उत्तर १०.३, म्हणजे स्टर्लिंग. ३.५४ आलं तर ८.९, म्हणजे तांबं-निकेल. दांडीच्या खाचेत हवेचा बुडबुडा अडकला तरी आकडा चुकतो, म्हणून बुडवल्यावर एकदा हलकेच झटका द्या.

या पदकाची तांब्याच्या मिश्रधातूची आवृत्तीही आहे. ती मुख्यतः चिनी, माल्टीज आणि भारतीय मजूर पथकांना दिली गेली. चांदीची पदकं सुमारे ६५ लाख निघाली, ही जेमतेम १ लाख १० हजार. धातू हलका असूनही बाजारात ती सहसा चांदीच्या एकट्या पदकापेक्षा महाग जाते. वजनावर किंमत करणाऱ्याच्या हातून असली पदकं तांब्याच्या भावात सुटतात.

मोहीम-पदकं: कड वाचता यायला हवी

कडेवरच्या मजकुराला एक ठरलेला क्रम असतो: शिपायाचा नंबर, मग हुद्दा (सिपाही, नाईक, हवालदार, कधी फॉलोअर म्हणजे पलटणीसोबतचा बिनलढाऊ नोकर, भिस्ती, खेचरवाला), मग नाव, शेवटी पलटणीचं लघुरूप. सगळं रोमन लिपीत आणि इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं. एका पलटणीत एकाच नावाचे चारपाच शिपाई सहज असत, म्हणून ओळख पटते ती नंबर आणि पलटण यांवरून. नुसत्या नावावरून कुणी एखाद्या शूर हवालदाराची कथा जोडून देत असेल तर तिला भाव देऊ नका.

१०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात होत्या. वेढा डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ चालला आणि शरणागतीत संपला. या तीन पलटणींच्या नावाचं पदक आणि त्याच पलटणीच्या मागच्या डेपोत राहिलेल्या माणसाचं पदक दिसायला सारखंच असतं. फरक कागदांत असतो. मृतांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या मोफत यादीत शोधता येतात आणि शौर्यपदकं ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, लंडन गॅझेटमध्ये. बाकी साध्या भारतीय शिपायांच्या नोंदी तुटक आहेत. हे काम आवडत नसेल तर ही वाट धरू नका, कारण पदकाच्या भावातला मोठा भाग या शोधातूनच येतो.

विदर्भाशी थेट नातं हवं असेल तर १११ महार पलटण आहे. ती १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. तिची पदकं मिळणं अवघड, पण दिसल्यास सोडू नयेत. पुढे १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिची दुसरी बटालियन १९४२ मध्ये आपल्या कामठीत. दुसऱ्या महायुद्धातली त्यांची पदकं तुलनेने आवाक्यात आहेत.

नाव बदललेलं पदक ओळखायचं कसं? व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि व्यास निदान चार दिशांनी मोजा. सगळीकडे ३६ मिमीच्या अगदी जवळ यायला हवा. जुनं नाव घासून काढलेलं असेल तर एखाद्या दिशेला ३५.६ किंवा त्याहून कमी येतो आणि कडेचे कोपरे चापट दिसतात. मग १०एक्स भिंगाखाली अक्षरं पाहा. ब्रिटिश वॉर मेडलवर अक्षरं ठशाने ठोकलेली असतात: तळ सपाट, खोली सारखी. कोरलेल्या अक्षराचा तळ टोकदार असतो आणि उतारावर हत्याराच्या चकाकत्या रेषा दिसतात. या पदकावर कोरीव नाव दिसलं की हात आखडता घ्या. मात्र हाच नियम १९०८ च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलला लावू नका. त्यात भारतीय पलटणींची अस्सल पदकं वळणदार कोरीव अक्षरांतही आहेत. अस्सल पदक नकली समजून सोडून देणारे इथेच चुकतात. त्याच पदकात कलकत्ता टांकसाळीच्या मालावर दांडी धरणारा पंजा साधा असतो आणि लंडनच्या मालावर नक्षीदार.

वेगवेगळी पदकं एकाच माणसाची म्हणून संच जुळवून विकण्याची युक्ती जुनी आहे. तीन गोष्टी पाठ करून ठेवा. व्हिक्टरी मेडल एकट्याला कधी मिळत नसे, सोबत ब्रिटिश वॉर मेडल असायचंच. स्टार म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं पदक; १९१४ चा स्टार आणि १९१४-१५ चा स्टार एकाच माणसाला मिळत नसे. दुसऱ्या महायुद्धात बर्मा स्टार आणि पॅसिफिक स्टार एकाच छातीवर येत नसत. संचातली चांदी, म्हणजे वॉर मेडल, गायब आणि उरलेली स्टार व व्हिक्टरी मेडलची पितळी जोडी शाबूत असेल तर मात्र घाबरू नका. १९८० मध्ये चांदीचे भाव चढले तेव्हा असंख्य वॉर मेडल वितळवली गेली. एकटं उरलेलं व्हिक्टरी मेडल अस्सल असू शकतं, किंमत फक्त कमी.

दुसऱ्या महायुद्धाच्या स्टारबाबत एक सोय आपल्या बाजूची आहे. ब्रिटनने आपल्या सैनिकांना ते बिननावाचे दिले, पण भारतीय सैन्याला नावं ठोकून मिळाले. त्यामुळे नाव असलेला बर्मा स्टार आपल्याकडे सापडणं स्वाभाविक आहे. मापं ४४ × ३८ मिमी. नकली बहुतेक ओतीव असतात: पृष्ठभागावर बारीक खड्डे, कडेने जोडाची रेघ, मधल्या मुकुटाचे मणी एकमेकांत वितळलेले. कमी पैशांत सुरुवात करायची तर याच काळाचं इंडिया सर्व्हिस मेडल घ्या. तांबं-निकेलचं, मागे अखंड हिंदुस्थानचा नकाशा, फक्त भारतीय सैन्यासाठी काढलेलं आणि सुमारे २ लाख २० हजार वाटलेलं.

सीताबर्डीचा क्लॅस्प

नागपूरकर संग्राहकाला एका पदकाची ओढ लागतेच: आर्मी ऑफ इंडिया मेडल. १८०३ ते १८२६ च्या लढायांसाठी ते १८५१ मध्ये मंजूर झालं, आणि तेही तोवर जिवंत राहून अर्ज करणाऱ्यांनाच. रिबनवर बसवलेल्या, लढाईचं नाव असलेल्या आडव्या पट्टीला क्लॅस्प म्हणतात. या पदकाच्या २१ क्लॅस्पमध्ये सीताबर्डी (२६-२७ नोव्हेंबर १८१७) आणि नागपूर (डिसेंबर १८१७) आहेत, दोन्हींचा एकत्र क्लॅस्पही आहे. अकोल्याकडचं अडगाव आणि चिखलदऱ्याजवळचा गाविलगड हे १८०३ चे क्लॅस्पही आपल्याच मुलखातले. एवढं विदर्भ दुसऱ्या कुठल्या ब्रिटिश पदकावर नाही.

तरी पहिली खरेदी म्हणून ते घेऊ नका. पदकं बहुतेक युरोपियनांकडे गेली, भाव लाखांत असतो आणि स्वस्त पदकाला दुर्मीळ क्लॅस्प जोडण्याचा मोह भल्याभल्यांना झाला आहे. क्लॅस्पच्या जोडावरचे रिवेट पाहा, कडेवरचं नाव पदकाच्या छापील यादीशी जुळवा, आणि नामांकित लिलावगृहाच्या लेखी हमीशिवाय पैसे देऊ नका.

स्मृतिपदकं: इथे डोळा लागतो

१९११ चं दिल्ली दरबार मेडल ३८.५ मिमीचं. पुढे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी, मागे फार्सी मजकूर. सोन्याची सुमारे २००, चांदीची हजारोंनी. त्याच वर्षीचं राज्याभिषेकाचं पदक ३२ मिमीचं आणि रिबन तीच, निळ्यावर दोन लाल रेघा. त्यामुळे छोटं पदक दरबारचं म्हणून खपवलं जातं. मोजपट्टी लावली की प्रश्न मिटतो.

यांवर नाव नसतं, म्हणून किंमत अवस्थेवर जाते. राजाच्या गालाचं हाड आणि राणीच्या मुकुटाची टोकं सर्वांत उंच, झीज तिथे आधी दिसते. मागे फार्सी अक्षरांचे नुक्ते (टिंबं) स्वच्छ सुटे असावेत; ओतीव नकलेत ते लगतच्या अक्षरात मिसळतात. कडेवर ठोके बसलेले असतील, किंवा लॉकेट करायला कुणी कडी झाळली असेल आणि ती मागून काढली असेल, तर मोल बरंच उतरतं. झाळलेली जागा भिंगाखाली जरा वेगळ्या रंगाची दिसते. मूळ डबी सोबत असेल तर तिचे वेगळे पैसे द्यायला हरकत नाही.

शाळांतून वाटलेली १९०२, १९११, १९३५, १९३७ ची पितळी बिल्लेवजा पदकं स्वस्त आहेत. शिकायला चांगली, गुंतवणूक म्हणून नाहीत. आणि रामदरबार असलेली, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेली पितळी टोकनं संग्रहात घेऊ नका. कंपनीने ती पाडलेली नाहीत.

स्वतंत्र भारताची पदकं तिसऱ्या बाजूला ठेवावी लागतात. १९४७ च्या स्वातंत्र्यपदकावर अशोकचक्राच्या वर मुकुट आहे; सत्तांतराचा क्षण असा धातूत पाहायला मिळतो. ते भरपूर मिळतं, कडेवर नाव असतं आणि संग्रहात ते हवंच. १९६५ आणि १९७१ ची समर सेवा, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार ही पदकं मात्र कुणाच्या तरी हयात कुटुंबाची असतात. नागपूर-कामठी पट्ट्यात माजी सैनिकांची घरं पुष्कळ आहेत. भंगारात असा संच दिसला तर उचला, पण आधी नाव-नंबर घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. घरच्यांना ते परत हवं असेल तर संग्रहापेक्षा त्यांचा हक्क मोठा.

मग कुणी काय घ्यावं

महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला ठेवणाऱ्याला, ज्याला रात्री नावं शोधत बसायला आवडतं, मोहीम-पदकंच बरी. एकच पलटण धरावी. दहा वेगवेगळ्या पलटणींची दहा पदकं विकायला अवघड आणि सांगायलाही. वस्तू म्हणून सुंदर गोष्ट हवी, वेळ कमी आणि एकदम खर्चाची तयारी असेल तर चांगल्या अवस्थेतलं एकच दरबार मेडल घ्या, मधल्या दर्जाची तीन नकोत. भाव ठरवताना संकेतस्थळावरच्या मागण्या पाहू नका. लंडनच्या नूनन्स लिलावगृहाचे जुने निकाल आणि मुंबईच्या तोडीवालांसारख्या लिलावांचे झालेले भाव पाहा, आणि खरेदीदाराचं कमिशन व त्यावरचा कर धरूनच तुलना करा.

सांभाळण्यातही फरक आहे. चांदी काळी पडते ती गंधकाने: रबर बँड, लोकरी फेल्ट, वर्तमानपत्र यांपासून दूर ठेवा. तांबं-पितळाचा वैरी ओलावा आणि क्षार. एप्रिल-मेमध्ये ज्या खोलीत कूलर चालतो तिथे पदकांचं कपाट ठेवू नका. बाहेर भट्टी तापलेली असताना आत पावसाळा होतो आणि स्टारच्या खाचांत फिकट हिरवी भुकटी दिसू लागते. ती बोटाला लागत असेल तर ते पदक लगेच वेगळं करा, डिस्टिल्ड पाण्यात बुडवून पाणी बदलत राहा, पूर्ण वाळवा आणि सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा. मऊ पीव्हीसीचे खिसे दोन्हींना वाईट, पॉलिस्टरचे घ्या. पितांबरी, चिंच, रांगोळी यांपैकी काहीही लावू नका. एका घासणीत शंभर वर्षांचा रंग जातो आणि स्मृतिपदक असेल तर भावही.

कायद्याचं एवढं ध्यानात ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. पहिल्या महायुद्धाची पदकं आता या वयात आली आहेत. परदेशी ग्राहकाला पार्सल करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळ कार्यालयात चौकशी करा. विकत घेताना पक्कं बिल घ्या, आणि त्यावर ‘जुनं चांदीचं मेडल’ एवढंच नको, कडेवरचा पूर्ण मजकूर अक्षरशः लिहून घ्या.