सेक्रेड हार्टची सुट्टी की उर्सुलाइनचा बिल्ला?

बाहेरून सेक्रेड हार्ट आणि उर्सुलाइन या दोन्ही संघांच्या शाळा सारख्याच: मुख्यतः मुलींच्या, कॅथलिक सिस्टरांनी सुरू केलेल्या, गणवेशाबाबत काटेकोर. शिस्तीत तर डावं-उजवं करायला जागाच नाही. फरक कळतो तो परंपरांत.

सेक्रेड हार्टच्या शाळांत 'कोंजे' नावाची अचानक सुट्टी असते. मुली अभ्यासाच्या तयारीने येतात आणि जाहीर होतं, आज तास नाहीत, खेळ! लपंडावही त्यातलाच. शिवाय २० ऑक्टोबरला येशूची आई मरिया हिचा, म्हणजे 'माटेर अ‍ॅडमिराबिलिस'चा सण. १८४४ मध्ये पोलीन पेर्द्रो या तरुणीने रोममधल्या सेक्रेड हार्टच्या मठाच्या भिंतीवर मरिया रंगवली. झगा इतका भडक गुलाबी झाला की चित्र पडद्याआड गेलं. पुढे १८४६ मध्ये पोप नववे पायस यांना ते आवडलं, आणि आता सणाला खाऊसुद्धा गुलाबी!

उर्सुलाइनचं मूळ जुनं: १५३५, इटलीतलं ब्रेशिया, संस्थापक संत अँजेला मेरिची. त्यांचा सण २७ जानेवारीला. ब्रीद 'सर्वियाम', म्हणजे 'मी सेवा करीन'. बिल्ल्यावर क्रूस आणि ध्रुवमत्स्याचे (लॅटिनमध्ये 'उर्सा मायनर', म्हणजे छोटी अस्वल) तारे, कारण उर्सुला या नावाचा अर्थही छोटी अस्वल.

बिल्ला देखणा आहे, पण शाळकरी वयात मी कोंजेच निवडली असती.