इन्फोसिस: मूर्तींची शिस्त की सिक्कांचा वेग?

१९८१ साली पुण्यात, सुधा मूर्तींनी साठवलेल्या १०,००० रुपयांवर इन्फोसिस उभी राहिली. संस्थापक नारायण मूर्तींची रीत तिथलीच: पै-पैचा हिशेब, आणि भागधारकांपासून काही लपवायचं नाही. म्हणून नोकरी सोडून जाणाऱ्या वित्तप्रमुखाला १७.३८ कोटी रुपये मंजूर झाले, तेव्हा ते गप्प बसले नाहीत.

विशाल सिक्का २०१४मध्ये आले, संस्थापकांबाहेरचे पहिले सीईओ. त्यांचा भर ऑटोमेशनवर, म्हणजे माणसांची कामं सॉफ्टवेअरकडून करून घेण्यावर होता. २०२०पर्यंत २० अब्ज डॉलर उलाढालीचं लक्ष्य त्यांनी ठेवलं. वित्तप्रमुखाचे ते पैसे मंजूर झाले, तेही त्यांच्याच काळात. पनाया ही सॉफ्टवेअर कंपनी २० कोटी डॉलरला घेतली, त्यावरूनही वादळ उठलं. चौकशीत गैरव्यवहार आढळला नाही, तरी ऑगस्ट २०१७मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

मला विचाराल तर दिशा सिक्कांचीच बरोबर होती. कामावर माणसं वाढवा, ग्राहकाचं बिल वाढवा, हे फार काळ चालणारं नव्हतंच. पण मूर्तींचा सवालही रास्त: जाणाऱ्या माणसाला एवढे पैसे कशासाठी? मनाला लागतं ते हे, की घरातलं भांडण वर्तमानपत्रांतून लढलं गेलं. शेवटी सहसंस्थापक नंदन निलेकणींना अध्यक्ष म्हणून परत यावं लागलं.