टीबीची जीनोम सिक्वेन्सिंग टेस्ट, म्हापशाचं कलेक्शन सेंटर: ५ पैकी ४ स्टार

चार स्टार टेस्टला आहेत, नुसत्या काउंटरला दोनच दिले असते. लॅबचं नाव टाकत नाही, मला टेस्टबद्दल सांगायचंय, साखळी-डिचोलीकडे कुणाच्या घरी हेच चालू असेल तर उपयोगी पडावं.

धाकट्या भावाला टीबी निघाला. खाजगी डॉक्टरकडे सीबीनाट (बेडक्यातला टीबीचा जंतू झटपट शोधायची टेस्ट) झाली, त्यात रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला रेझिस्टन्स (जंतूवर औषध न चालणं) नाही असं आलं, म्हणजे नेहमीच्या गोळ्या लागू पडणार म्हणून आम्ही सगळे निर्धास्त. दोन महिने झाले तरी खोकला तसाच, वजन वाढेना आणि बेडका परत पॉझिटिव्ह. मग घरात सुरू झालं, तू गोळ्या चुकवल्या असणार, वेर्ण्याला नाइट शिफ्ट असते तेव्हा कोण बघतंय तुला. त्याने रिकामी पाकिटं आणून आईसमोर मोजून ठेवली. मीपण संशय घेतला होता त्याच्यावर, ते अजून मनाला लागतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी ही टेस्ट लिहून दिली. सात हजारांच्या आसपास खर्च आला. यात जंतूचा सगळा जीनोम, म्हणजे त्याचा पूर्ण डीएनए, वाचतात, टीबीच्या जंतूचा म्हणजे जवळपास ४४ लाख अक्षरं, आणि कुठे काय बदललंय ते डब्ल्यूएचओच्या कॅटलॉगशी ताडून बघतात. पहिला कॅटलॉग २०२१ चा, दुसरा २०२३ चा, दुसऱ्यात ५२ हजारांवर नमुन्यांचा डेटा आहे. कुठल्या बदलामुळे कुठलं औषध बाद होतं ते त्यात दिलेलं असतं.

आमच्या रिपोर्टात कॅट-जी जीनमध्ये ३१५ नंबरच्या जागी बदल निघाला. डॉक्टरांनी समजावलं ते असं, आयसोनियाझिड या टीबीच्या नेहमीच्या औषधाची गोळी आपणहून जंतूला मारत नाही, जंतूचंच एक एन्झाइम तिला चालू करतं, आणि ते एन्झाइम बनवणारा जीनच बदलला की गोळी पोटात जाते पण चालूच होत नाही. सीबीनाट बघते फक्त रिफाम्पिसिनचं, म्हणून हे तिच्यात दिसलंच नव्हतं. आणि असा जंतू दुसऱ्या कुणाकडून तसाच आलेला असू शकतो, गोळ्या चुकवल्याच पाहिजेत असं काही नाही, हे त्यांनी आईला दोनदा सांगितलं. आईने तिथेच भावाचा हात धरला. मग आयसोनियाझिड बंद, लिव्होफ्लॉक्सासिन सुरू, एकूण सहा महिन्यांचा कोर्स.

आता तक्रारी. दहा दिवसात रिपोर्ट म्हणाले, लागला महिना, कारण आधी कल्चरमध्ये जंतू वाढवावा लागतो आणि टीबीचा जंतू फार हळू वाढतो, हे पैसे घेताना कुणी सांगितलं नाही. थेट बेडक्यावरून ठराविक जीन वाचायची टेस्टपण असते, डब्ल्यूएचओने तिची शिफारस केलीय, तेव्हा आपली कुठली ते आधी विचारा. पहिलं सॅम्पल रिजेक्ट झालं कारण भावाने लाळ दिली होती, सकाळी उठल्याउठल्या खोल खोकून आलेला बेडका हवा एवढं एक वाक्य काउंटरवर सांगायला काय जात होतं? दुसरा मजला, लिफ्ट नाही, धाप लागलेला माणूस चढणार कसा. शुक्रवारी तर जाऊच नका, बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही.

आणि तिथला मुलगा म्हणाला शंभर टक्के रिपोर्ट, तसं नसतं हो. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिनचा अंदाज चांगला येतो, पण बेडाक्विलिनसारख्या नव्या औषधांचा तेवढा भरवशाचा नाही, काही बदलांपुढे अर्थ अनिश्चित असंच लिहून येतं. म्हणून डॉक्टरांनी कल्चरवर औषधं टाकून बघायची जुनी टेस्टपण चालू ठेवली.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली, सरकारी टीबी कार्यक्रमात एलपीए नावाची टेस्ट फुकट होते आणि हा कॅट-जीचा बदल तीपण पकडते. पैसे भरायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना तिचं विचारा.

भावाचा बेडका आता निगेटिव्ह आलाय. रिपोर्ट सगळा इंग्रजीत, म्हणून ती ३१५ वाली ओळ मी आईसाठी मराठीत लिहून काढली, कॅलेंडरच्या मागे लावलीय तिने. लॅबवाल्यांनो, हवी असेल तर घेऊन जा आणि रिपोर्टासोबत छापून द्या.