छोटा इंडी खेळ घ्यावा की पुरवणी?

थोड्या पैशांत टेबलटॉप आरपीजी (टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत गोष्ट रंगवण्याचा खेळ) घ्यायचा झाला तर दोन वाटा दिसतात: एखादा छोटा, स्वयंपूर्ण इंडी (स्वतंत्र निर्मात्याचा) खेळ किंवा आपण खेळतोच त्या खेळाची पुरवणी, म्हणजे त्याच नियमांवर चालणारं जादा साहित्य. गट नवा असेल तर मी पहिली वाट धरेन. मोल मात्र पानं मोजून ठरवू नये. जॉन हार्पर यांचा २०१३ मधला 'लेझर्स अँड फीलिंग्स' अवघ्या एका पानाचा. खेळाडू २ ते ५ मधला एक आकडा निवडतो आणि प्रत्येक फासा त्याच्याशी ताडला जातो. एवढ्यावर अख्खी संध्याकाळ रंगते. महिनोन् महिने चालणाऱ्या मोहिमेला, म्हणजे एकच गोष्ट पुढे नेणाऱ्या बैठकांच्या मालिकेला, मात्र तो पुरत नाही.

चालू मोहिमेसाठी पुरवणी बरी, कारण नवे नियम शिकावे लागत नाहीत. तिची पारख मी तिच्यातल्या तक्त्यांवरून करते, म्हणजे फासे टाकून प्रसंग निवडायच्या याद्यांवरून. सहा बाजूंचे दोन फासे दशक-एकक म्हणून वाचले की ३६ नोंदी होतात, पण त्यातल्या किती कामाच्या? 'जुना पूल' ही नुसती भरती. 'पुलावरचा पहारेकरी सख्ख्या भावालाच अडवून बसलाय' ही नोंद तासभर खेळ चालवते, कारण खेळाडूंना लगेच बाजू घ्यावी लागते. अशा दहा नोंदी सापडल्या तरी मी पुरवणी आनंदानं घेते, मग आत एकही चित्र नसेना का.