दादरची एक करिअर कोचिंग सेवा : सत्रे उत्तम, चौकशीचे टेबल नव्हे

पंचेचाळिशीच्या आसपास खासगी नोकरी गेली की माणूस आधी ओळखीपाळखीत शब्द टाकतो, मग संकेतस्थळांवर अर्ज भरत बसतो आणि दोन्हीकडून उत्तरे येईनाशी झाली की कोचकडे जातो. दादर पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या या सेवेकडे मी त्याच क्रमाने पोहोचलो.

पहिल्या सत्रात कोच मॅडमनी एक कागद पुढे केला. त्यावर वर ध्येय, खाली तीन वाटा आणि प्रत्येक वाटेसमोर अडथळ्याचा रकाना होता. ध्येय म्हणून मी ‘चांगल्या कंपनीत नोकरी’ असे लिहिल्यावर त्यांनी विचारले, ‘ती मिळाली हे तुम्हाला कशावरून कळेल?’ मला उत्तर देता येईना. शेवटी ती ओळ खोडून मी ‘भिवंडी किंवा तळोजा भागातील गोदामात साठा व्यवस्थापनाचे काम, डोंबिवलीहून रोज जाऊन येता येईल असे’ असे लिहिले. अडथळ्यांच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी ‘वय’ हाच शब्द आला, तेव्हा ‘वय हा केवळ आकडा असतो’ असले काही न बोलता, ज्यांना माझे काम ठाऊक असल्याने वय विचारावेसे वाटणार नाही अशा जुन्या वाहतूकदारांची नावे त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली.

या पद्धतीमागे कॅन्सस विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांचा विचार आहे. त्यांच्या मते आशेला ध्येय लागते, तिथवर जाण्याच्या वाटा सुचाव्या लागतात आणि त्या वाटांवर चालत राहण्याची उमेद लागते. एक वाट बंद झाली तर दुसरी शोधता येणे हाही आशेचाच भाग. १९९१ साली प्रसिद्ध झालेली त्यांची १२ विधानांची प्रश्नावली इथे सुरुवातीला आणि शेवटी भरून घेतात. गुण वाढल्याचे समाधान होते, हे खरे, पण आपणच आपल्याला दिलेले ते गुण घेऊन कोणी मुलाखतीला जात नाही.

मॅडमनी झोपेची चौकशी केली आणि ती अशीच उडत राहिली तर कोचिंग पुरणार नाही, डॉक्टरांना दाखवा, असे स्पष्ट सांगितले. शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यांनीच दिला. आपल्याकडे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते, कोच म्हणवून घ्यायला मात्र कोणताही परवाना लागत नाही. त्यामुळे आपली हद्द ओळखणारा कोच भेटणे ही मी मोठी गोष्ट मानतो.

चौकशीच्या टेबलावर मात्र वेगळाच माल विकला जातो. ‘सर, तीन महिन्यांत प्लेसमेंट नक्की,’ असे तिथल्या तरुणाने छातीठोकपणे सांगितले आणि सहीसाठी पुढे केलेल्या करारात नोकरीची कोणतीही हमी नसल्याचे बारीक अक्षरांत छापलेले होते. संपूर्ण शुल्क आगाऊ मागितले, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो हे पावतीवरच कळले. शिल्लक आटत चाललेल्या माणसाला खोटी खात्री देऊन पैसे भरायला लावणे मला निव्वळ फसवणुकीसारखे वाटते. शिवाय आत मॅडमना पहिला बराच वेळ ती खात्री उतरवण्यातच घालवावा लागतो, आणि त्या वेळेचे पैसेही क्लायंटच मोजतो.

मला अखेर एका जुन्या वाहतूकदारामार्फत भिवंडीत कंत्राटी काम मिळाले. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. यात कोचिंगचा वाटा किती, हे ठरवणे अवघड आहे. ते फोन मी एरवी केले नसते, एवढे नक्की.

जायचे असल्यास सत्रागणिक पैसे भरण्याची सोय मागून घ्यावी; ती आहे, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तसेच वेळ ठरवताना मॅडमच भेटतील ना, याची खात्री करून घ्यावी, कारण शनिवारी त्यांच्या जागी शिकाऊ कोच बसतात आणि शुल्क तेवढेच घेतले जाते.